लंकाबाईच्या फोटोचं पाणी

मंगळवारी सकाळी स्टुडिओच्या फळ्या काढून मी उदबत्ती ओवाळत होतो, तेव्हा एक म्हातारा पायरीखाली वहाणा काढून उभा राहिला आणि त्यानं विचारलं, “माझी लंका हाय का हितं?” मला वाटलं, चुकून आला असेल. माळीवाड्याच्या एसटी स्टँडवरून सरळ चालत आलं की पहिली ठळक पाटी माझीच लागते, त्यामुळे दवाखाना विचारणारे, कोर्ट विचारणारे, हरवलेलं माणूस विचारणारे सगळे आधी माझ्याच पायरीवर येतात. मी म्हणालो, बाबा, इथं फक्त फोटो काढतात. तर तो म्हणाला, तेच म्हणतोय मी, फोटोतलीच. मग त्याला आत घेतलं. ऊठ म्हटलं तर उठता यावं असा तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि सांगू लागला. नाव पुंजाराम, गाव पाथर्डीच्या पलीकडे. माघात तलावाच्या कामावर मी गेलो होतो, तिथं त्याच्या बायकोचा, लंकाबाईचा, मी फोटो काढला होता. शिमगा झाला आणि ती तापानं गेली. घरात तिचा दुसरा फोटो नाही. तेव्हा तो द्यावा, आणि जमलं तर त्यालाही तिच्याशेजारी जोडून द्यावं. यात नवल काही नव्हतं. मेलेल्या माणसाशेजारी जिवंत माणूस जोडून देणं हे माझं नेहमीचं काम. जिल्ह्यातल्या किती भिंतींवर माझे असे जोडफोटो असतील, नवरा एका सालातला, बायको दुसऱ्या सालातली, आणि दोघांच्या मधली कात्रीची रेघ मी ब्रशनं बुजवलेली. मी नेहमीच्या सुरात म्हणालो, असेल, बघतो, आणि नाव लिहून घ्यायला पेन उघडलं. तेवढ्यात तो म्हणाला, “तोंड धुऊन आली हुती बघा. ती.” माझं पेन तिथंच थांबलं.

कारण ते पाणी मला आठवलं. चेहरा नाही, नुसतं पाणी. एका कचेरीनं दुष्काळी कामांचे फोटो मागवले होते, माणसं दिसली पाहिजेत, माती दिसली पाहिजे, मागं बांध दिसला पाहिजे. मी तीन रिळं घेऊन गेलो होतो. बारा त्रिक छत्तीस. तेहेतीस फोटो सांगितल्याबरहुकूम काढले आणि तीन राखून ठेवले, ते माझे स्वतःचे. असे दोन-तीन मी नेहमीच राखतो, पोराटोरांच्या नकळत बाई जसा स्वतःला घोटभर चहा ठेवते तसे. दुपारी टँकर यायच्या आधी बायकांनी आपापली भांडी रांगेत लावून ठेवली होती. हंडे, कळशा, डालड्याचे डबे, एक फुटकी घागर. माणूस एकही नाही, आणि प्रत्येक भांड्याच्या पायाशी त्याची आखूड सावली. तिन्ही फोटो मी त्या रांगेवर घातले, तिसरा तर धुळीत पालथं पडून. पुढं तोच मोठा करून मी दर्शनी भिंतीवर लावला आणि बघणाऱ्यानं वा वा केलं. पण त्या दिवशी टँकर येऊन गेला, मी सामान आवरायला घेतलं आणि बायका भोवती गोळा झाल्या. सगळ्यांना फोटो हवा. रीळ संपलं म्हटलं की कोणी ऐकत नाही, वाटतं टाळतोय. म्हणून आमच्या धंद्यात एक युक्ती आहे. लग्नाकार्यात प्रत्येक फोटोवाला ती करतो आणि कोणी कबूल करत नाही. रिकाम्या कॅमेऱ्यानं फ्लॅश मारायचा. आम्ही त्याला कोरा फ्लॅश म्हणतो. उजेड पडला की माणूस खूश होतो आणि पंगतीला जाऊन बसतो. तसे आठ-दहा मी मारले. मग एक म्हातारी थांबा म्हणाली, लगबगीनं गेली, नुकत्याच भरून घेतलेल्या कळशीतून तांब्याभर पाणी घेऊन तिनं खसाखसा तोंड धुतलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि समोर येऊन उभी राहिली. मागून कोणी पुरुष तिच्यावर ओरडत होता. तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं आणि खालच्या मातीत त्याचे काळे ठिपके पडत होते. मी बटण दाबलं. उजेड पडला. ती हसली असावी.

हे सगळं मला त्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे बघता बघता आठवलं आणि खरं सांगायची वेळ तीच होती. दोन शब्दांचं काम होतं. पण माणसाचं तोंड सवयीनं चालतं. मी म्हणालो, फोटो आहे बाबा, पण धुवायचा राहिलाय. फोटोचा कागद वाहत्या पाण्यात अर्धा तास धुवावा लागतो, नाहीतर पिवळा पडतो, आणि नळाला सध्या दिवसाआड पाणी. पुढच्या मंगळवारी या. वेळ मारून न्यायला एवढं पुरेल असं मला वाटलं. त्या वर्षी पाणी नाही म्हटलं की पुढं कोणी काही विचारत नसे. त्यानंही विचारलं नाही. उलट त्याच्या तोंडावर एकदम समजूत आली, जणू एवढ्या वेळात मी पहिल्यांदाच त्याच्या भाषेत बोललो होतो. पान्याचं म्हनत असाल तर कुनाला काय बोलावं, असं म्हणून तो उठला. जाताना दर्शनी भिंतीवरच्या त्या भांड्यांच्या फोटोपाशी थांबला, जवळ जाऊन एका कळशीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ही आमची, हिच्या काठाला पोचा हाय. मग वहाणा घालून स्टँडकडे गेला. मी बराच वेळ त्या पोच्याकडे बघत बसलो. फोटोत तो इतका स्पष्ट आला होता की मला माझ्याच भिंगाचा राग आला.

आयुष्यात मी दुसरं काही केलं नाही. वडील भिंगारच्या कँपात शिंपीकाम करत. गोरे जायला निघाले तेव्हा एका सार्जंटानं शिलाईच्या पैशांबरोबर त्यांना डबा कॅमेरा देऊन टाकला, आणि त्यांनी तो माझ्यापुढं टाकला, खेळ म्हणून. तेव्हापासून तो खेळ काही संपला नाही. नाव सूर्यभान ठेवलंय म्हणजे उन्हात भटकण्याचा परवाना दिलाय की काय, असं आई म्हणायची. चांदबीबीच्या महालावर मी एका ढगासाठी चार-चार तास बसलोय. भंडारदऱ्याला धुकं मिळावं म्हणून ताप अंगात घेऊन गेलोय. सावेडीला माळरानावर प्लॉट पडून बंगल्यांचे पाये खणायला लागले, तर त्या नुसत्या खड्ड्यांचे मी फोटो काढत बसलो आणि घरमालकांना वाटलं कुणाची तरी तक्रार आहे. जित्याची खोड म्हणतात ती हीच. आणि मला अभिमान होता की काचेत एकदा दिसलेला चेहरा मी विसरत नाही. माझा कॅमेरा मान खाली घालून बघायचा, छातीशी धरायचा, वरच्या काचेत माणूस उजव्याचा डावा होऊन उभा राहतो. तिथं बघितलेलं सगळं माझ्यात राहतं. वडील गेले त्या सकाळी त्यांच्या गालावर खिडकीतलं ऊन तिरपं पडलं होतं. मी आत जाऊन कॅमेरा आणला, उजेड मोजला, खिडकीची एक झडप लोटली, फोटो घेतला, आणि मग दुसरा घेतला, कारण पहिल्यात हात हलला होता. दारात पुष्पावती उभी होती. माझी बायको कमी बोलते. ती एवढंच म्हणाली, “आधी रडा तरी.” मी नंतर रडलो. पण आज वडील आठवायचे म्हटले की तो फोटोच आठवतो, त्याच्या आधीचे वडील येत नाहीत. आणि आईचा मी कधी धड फोटोच काढला नाही, घरातलीच आहे, काढू कधीतरी, असं करत राहिलं, तर तिचा चेहरा मला अंधुकसुद्धा आठवत नाही. हे मी याआधी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. रीळ नसलं की मी बघतच नाही. लंकाबाईसमोर मी काचेत मान घातलीच नव्हती. कशाला घालायची, आत काही नव्हतं. मी हातानं फ्लॅश उडवला आणि डोळ्यांनी पुढच्या एसटीची वेळ शोधत होतो. एक बाई वाट्याचं पाणी खर्चून माझ्यापुढं उभी राहिली आणि मी हजर नव्हतो.

तो आठवडा मी छत्तीस निगेटिव्ह भिंगाखाली घालून काढला. कुठं तरी, कुणाच्या मागं, पाटी उचलताना, एखाद्या कडेला ती सापडेल. एका फोटोत पाट्या वाहणाऱ्यांच्या रांगेच्या टोकाला एक म्हातारी पाठमोरी होती. तीच कशावरून? मोठा करत करत नेला तर डोकं राहिलं नाही, नुसते दाणे दाणे झाले, राळ्याच्या भातासारखे. या कामात कागद गेले आणि कागदांपायी पाणी. न्हाणीतल्या दोन बादल्या मी डार्करूममध्ये नेल्या तेव्हा पुष्पावती दारात आडवी आली. भांडली नाही. म्हणाली, माणसं पाण्यासाठी रांगेत उभी राहतात, तुम्ही त्यांचे फोटो काढता आणि ते पाण्यात बुडवून ठेवता, हे मला तर काही उमगत नाही. मग मी तिला सगळं सांगितलं, कोरा फ्लॅश, म्हातारी, म्हातारा, मंगळवार. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सांगून टाका की. जीव घेणार आहेत का ते?” मला तिचं म्हणणं पटलं आणि तरी मी दुसऱ्या दिवशी जुन्या खोक्यातून राहात्याकडच्या एका म्हातारीचं निगेटिव्ह काढलं. आठ-नऊ वर्षांपूर्वी ती फोटो काढून गेली, न्यायला आलीच नाही. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, गोंदण. वयाला सगळ्या जणी सारख्याच वाळतात. थोडा अंधुक छापला, गालावर ब्रश फिरवला, शेजारी म्हातारा जोडला की कुणाची हिंमत आहे नाही म्हणायची? पूर्वी मिटलेल्या डोळ्यांवर मी उघडे डोळे रंगवून दिलेत आणि घरचे लोक म्हणालेत, अगदी जिवंतपणी दिसायची तशी. दुःखात माणूस फोटोपुढं फार चिकित्सा करत नाही, हे मला इतकी वर्षं माहीत होतं आणि त्यावर माझं पोट चाललं होतं. पण ते निगेटिव्ह मी यंत्रात घातलं, दिवा लावला आणि त्या राहात्याच्या बाईचा चेहरा मला लख्ख ओळखीचा निघाला. ती कशी बसली होती, कुठला हात कुठं ठेवू म्हणून दोनदा विचारलं होतं, सगळं. तिला मी बघितलं होतं. तिला दुसरीच्या नावानं खपवणं मला जमेना. मी दिवा घालवला आणि तसाच बसलो. हात इतके रिकामे आयुष्यात कधी वाटले नव्हते. फोटो काढणारा माणूस, आणि एक फोटो देता येत नाही.

मंगळवारी सकाळी मी ठरवूनच बसलो होतो. पहिलं वाक्य पाठ केलं होतं. साडेदहाला पुंजाराम दिसला, पण गेल्या खेपेसारखा हात झुलवत नाही, तर पोटाशी काहीतरी धरून, बाळंतिणीसारखा जपून पाय टाकत. कळशी होती. पितळी, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, काठाला पोचा. पायरीवर ती टेकवून तो आधी पुष्कळ वेळ धापा टाकत राहिला. मग म्हणाला, “फोटूला पानी आनलंय.” तो सांगत राहिला. टँकर परवा येऊन गेला. कळशी गाडीत मांडीवर धरली होती, तरी खड्ड्यांनी थोडं हिंदकळलं. शेजारच्या बाईचं पोर त्याकडे बघून रडायला लागलं तेव्हा त्याला घोटभर दिलं, बाकी सगळ्यांना नाही म्हणाला, चार लोकांच्या शिव्या खाल्ल्या. म्हणजे ते पिण्याचं पाणी होतं. त्याचं. मी म्हणालो, बाबा, हे कशाला, आणि पाठ केलेलं वाक्य शोधू लागलो. पण तो आता खाली बघून बोलत होता, माझ्याशी बोलतोय असंही वाटत नव्हतं. त्या दिवशी ओरडणारा तोच होता. प्यायचं पाणी तोंडाला चोपडतीस म्हणून चार माणसांत बोलला. त्याचं त्याला एवढं वाटत नाही, बोलतो माणूस. “रातच्याला तिनं घोटभर मागितलं,” तो म्हणाला. “माझ्या वाटनीचं हुतं, पर म्या दिलं न्हाई. फोटूला माग, म्हनलं.”

यानंतर मी काय करायला हवं होतं ते कुणीही सांगेल. मी काय केलं ते सांगतो. मी कळशी उचलली आणि डार्करूममध्ये गेलो. दार लावलं, लाल दिवा लावला, का ते मला माहीत नाही, अंधारात ठेवण्यासारखं आत काही नव्हतंच. त्याच्यासमोर उभं राहवत नव्हतं एवढं खरं. तो बाहेर कान देऊन बसला असणार हे मला भिंतीतून कळत होतं, म्हणून मी ते पाणी ट्रेमध्ये ओतलं. आवाज झाला. त्या लाल उजेडात पाणी काळं दिसत होतं आणि त्याला फडक्याचा, पितळेचा वास होता. मी एक कोरा कागद घेतला आणि त्यात सोडला. खालीवर केला, हलवला, जसा रोज हलवतो तसा. पंचवीस वर्षं मी अशाच पाण्यात माणसं वर येताना पाहिली आहेत. आधी केस येतात, मग डोळ्यांच्या खाचा, मग ओठांची रेघ, आणि दर वेळी मला तोच आनंद होतो, काहीतरी मिळाल्याचा. त्या दिवशीही, शपथेवर सांगतो, मी कागदाकडे त्याच नजरेनं बघत होतो. येईल म्हणून. कागद पांढरा राहिला. बाहेरून त्यानं हळूच विचारलं, “पुरतंय का?” आणि मग मला उमगलं की ट्रेच्या तळाशी फोटो धुण्याच्या औषधाचा थर असतो आणि ते पाणी आता पिण्याजोगं राहिलेलं नाही. त्याला परत द्यायला ते एकच होतं माझ्याकडे, तेही मी नासवलं होतं.

मी बाहेर आलो आणि सांगितलं. वाक्य पाठ केलं होतं तसं आलं नाही, तुटक तुटक आलं. बाबा, फोटो नाहीये. त्या दिवशी रीळ संपलं होतं. कॅमेरा रिकामा होता. मी तुमच्या बायकोला फसवलं, मग तुम्हाला फसवलं. तो रागावेल, रडेल, कळशी फेकून मारेल, कशालाही मी तयार होतो, आणि खरं तर त्याची मी वाटच बघत होतो. पुंजाराम शांतपणे म्हणाला, “पर उजेड पडला हुता की.” मी त्याला समजावलं. उजेड निराळा, फोटो निराळा. कॅमेरा आणून त्याच्यापुढं पाठीमागची झडप उघडायला निघालो, तर आत अर्धं वापरलेलं रीळ होतं, उघडता येईना. म्हणून फ्लॅश उडवून दाखवला. हे बघा, पडला ना उजेड? पण फोटो काही निघाला नाही. पण त्या उजेडात त्यानं डोळे मिटून घेतले आणि उघडले तेव्हा तो मान डोलावत होता. आसाच, आसाच पडला हुता, तो म्हणाला. ती मरेपर्यंत सांगत होती म्हणे, माझ्या डोळ्यांपुढं लख्ख झालं, फोटूवाल्यानं मला घेतलं. माझं खोटं त्यानं सहज घेतलं होतं आणि खरं त्याच्या गळी उतरत नव्हतं. मी पुन्हा सुरुवात केली तेव्हा त्यानं हात वर करून मला थांबवलं. त्याला माझी कीव आली असावी. तो म्हणाला, “पानी कमी पडलं आसंल. पुढल्या मंगळवारी आजून आनतो.”

मी नको म्हणालो. आणू नका, येऊ नका, हात जोडतो. तो हो म्हणाला, पण त्याचं लक्ष नव्हतं. रिकामी कळशी मी आतून आणून दिली, ती त्यानं झटकली, फडकं पिळून काखेत मारलं, वहाणा घातल्या. आमच्या घरातून एक तांब्या तरी पाणी पिऊन जा, हे सांगायचं माझ्या लक्षात आलं तोवर तो कोपऱ्यावर पोचला होता. हाक मारली, ती टांग्यांच्या गलक्यात गेली. त्याच्या मागं धावायला हवं होतं, कोपरा काही लांब नव्हता. मी पायरीवर उभा होतो. सकाळी कळशी जिथं टेकवली होती तिथं दगडावर तिच्या बुडाचं ओलं वर्तुळ उठलं होतं आणि एवढ्या उन्हातही फडक्यातून पिळलेल्या थेंबांनी ते अजून टिकून होतं. एका बाजूनं वाळत आलेलं, दुसऱ्या बाजूला काळंभोर, मधोमध तिरपं ऊन. मिनिटभरात ते जाणार होतं. कोपऱ्यावर म्हातारा वळला आणि दिसेनासा झाला. मी आत जाऊन कॅमेरा आणला, गुडघ्यावर बसलो, काचेत मान घातली आणि त्या वर्तुळाचा फोटो घेतला. या खेपेला आत रीळ होतं. हात हलला असं वाटलं, म्हणून मी दुसराही घेतला.